घोडेगावचा सायलेन्सर

आमच्या जुन्या ट्रकचा सायलेन्सर सडला, तेव्हा यांच्यासोबत मीही घोडेगावच्या भंगार बाजारात गेले. मी म्हटलं, नवा घ्या. यांना भंगारातलाच पसंत पडला.

"कुणाच्या गाडीचा हो हा?" मी विचारलं.

"वहिनी, सायलेन्सरला काय गोत्र असतं व्हय?" भंगारवाला हसला.

पहाटे तुळशीला पाणी घालायचं आणि तांब्यातलं उरलेलं ट्रकवर शिंपडायचं, हा माझा रोजचा नेम. दुसऱ्या पहाटे थेंब त्या सायलेन्सरवर पडले आणि चर्र आवाज झाला. गाडी तर संध्याकाळपासून बंद होती.

मग रोजच तसं व्हायला लागलं. माझ्या मनात नको ते आलं. एकदा विचारलंच, "रात्री गाडी घेऊन कुठं जाता?"

"देवाशपथ, कुठं न्हाई. तूच बघ की डोळ्यांत तेल घालून!"

मी चाकांच्या पुढंमागं रांगोळी ओढून ठेवली. पहाटे रांगोळी तशीच होती. सायलेन्सर मात्र तापलेला.

मी हट्टच धरला. यांनी नवा सायलेन्सर बसवला आणि जुना तुळशीपाशी टेकवून ठेवला. नवऱ्यावर संशय घेतला म्हणून मी त्या दिवशी उपास धरला.

दुसऱ्या पहाटे आधी ट्रकवर शिंपडलं. नवा सायलेन्सर गार होता. मग तुळशीला पाणी घालताना दोन थेंब जुन्यावर उडाले.

चर्र.

त्याच्या तोंडातून धूर निघत होता.

तेवढ्यात आतून, झोपेतच, हे बोलले, "आत्ताच आलो गं. दार लावून घे."