गोपनीय पाहणी

आमचा विभाग युनिव्हर्सिटीभर सगळ्यांना शिकवतो, की प्रत्येकाला सामावून कसं घ्यावं. बाळ चार महिन्यांचं झालं तशी मी कामावर परतले. तेव्हापासून रोज दुपारी बर्फातल्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचेला कोट लावून पंपाने दूध काढतेय, आणि ते दिवसागणिक कमी होतंय. म्हणून विभागाच्या गोपनीय पाहणीत आम्ही तान्ह्या बाळांच्या चौघी आयांनी एकच मागणी लिहिली: आतून कडी लागेल अशी एक खोली.

आज अहवाल आला. 'कोणत्याही गटाची तक्रार नाही.'

मी तडक आमच्या प्रमुख लॉरेलकडे गेले. "आमची मागणी कुठे गेली?"

"अगं, पाच जणांपेक्षा लहान गट आपण अहवालात दाखवतच नाही. कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं ना! तुमच्याच भल्यासाठी आहे ते."

"मी तुझ्यासमोर उभी राहून सांगतेय की मीच लिहिलं. आता कोणापासून लपवतेस?"

"नियम म्हणजे नियम, बाई."

"मग आमच्यातल्या रोशेलला दोनदा मोज, तिला जुळी आहेत."

लॉरेल हसली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "खरंच वाईट वाटतं गं. अजून एक जरी असती ना, तरी तुमची खोली पहिल्या पानावर आली असती."



होती की! पाचवी इंग्रिड; खोली नाही म्हणून गेल्याच महिन्यात नोकरी सोडून गेली.