दहावा खण

"घ्या, बघा आता!" गोटीरामशेठनं मूठ उघडली.

तळहातावरचा रुपया नव्या स्टीलच्या वाटीसारखा लखलखत होता. सहादूनं तो उचलून उजेडात धरला.

"घासलात?"

"मग! तुमचं कार्ड आलं, शनिवारी येतो म्हणून. नाशिकहून माणूस खास बघायला येणार, त्याला काळा रुपया कसा दाखवायचा? आमच्या मंडळींनी सकाळीच चिंच लावून राखेनं चांगला चोळून काढला."

आतून मंडळींनी चहा पाठवला. सहादूनं रुपया परत केला आणि चहा पिऊन टाकला. पंधरा दिवसांपूर्वी हाच रुपया शेठनं नाशकात खिशातून सहज काढून दाखवला होता, तेव्हा त्याच्या कडेला जांभळा आणि मधोमध निळा रंग होता. शेठचं नांदगाव काही जवळ नाही, खेप फुकट जायला नको म्हणून सहादूनं आधी कार्ड टाकलं. तिथंच चुकलं. आपल्याकडं पाहुणा येणार म्हटलं की घर सारवतात, मग रुपया कसा सुटेल?

सहादू सरकारी कचेरीत कारकून. चौदा वर्षं तो जुने चांदीचे रुपये जमवत होता. चांदीला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की ती आधी पिवळसर होते, मग तांबूस आणि शेवटी कबुतराच्या मानेसारखी निळी-जांभळी. तसा एक रुपया त्याला हवा होता. एकच! सायखेड्यापासून देवळ्यापर्यंत त्यानं घरं पालथी घातली होती. रुपये पुष्कळ निघाले, सगळे चकचकीत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी त्यांना चिंचेची आंघोळ ठरलेली.

"अरे, ज्याच्या घरी रुपया, त्याच्या घरी लक्ष्मीपूजन," नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष खंडेराव त्याला हसून म्हणायचे. "सोड हा नाद."

हसायला त्यांना कारण होतं. मागच्या वर्षी, त्र्याऐंशीच्या प्रदर्शनात सहादूनं भिंग लावून खंडेरावांच्या लाडक्या रुपयावर दोन बारीक रेषा दाखवल्या होत्या आणि चारचौघांत म्हणाला होता, "घासलेला आहे. बाद." उद्या पुन्हा प्रदर्शन होतं. सहादूच्या लाकडी पेटीला दहा खण. नऊ भरलेले. दहाव्याचं कार्ड त्यानं गोटीरामशेठच्या भरवशावर आधीच लिहून ठेवलं होतं : 'नैसर्गिक रंगाचा, कधीही न घासलेला रुपया.' बाजारात तुरी म्हणतात ते हेच. उद्या खंडेराव सगळ्यात आधी त्या खणापाशी येणार होते.

दिवेलागणीला तो कॉलनीतल्या घरी पोचला आणि पिशवी कॉटवर आदळली. त्याची आई, चांगुणाबाई, ताटात तांदूळ निवडत बसली होती.

"काय झालं रे?"

"काय व्हायचंय! सगळ्या जिल्ह्याचे हात शिवशिवतात. रुपया दिसला की घास! दिसला की घास!"

"कशापायी घासत्यात?"

"लक्ष्मीपूजनाला, आणखी कशाला!"

म्हातारीनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. "आपण कुठं करतो लक्ष्मीपूजन?"

"आपल्याकडं रुपया तरी कुठं आहे?" सहादू खेकसला.

चांगुणाबाईनं ताट खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देत ती उठली, ट्रंक उघडली आणि तळातून खाकी लोकरीची एक गुंडाळी काढली. सहादूच्या आजानं पलटणीत असताना पायाला बांधलेली पट्टी होती ती. ती उलगडत गेली तशी शेवटच्या वेढ्यातून एक रुपया त्याच्या हातावर पडला.

"तुझ्या आजाच्या पयल्या पगारातला," ती म्हणाली. "येवढा येकच ऱ्हायला. आपण बी दर दिवाळीला राखेनं घासून पाटावर मांडायचो. छप्पन साली धम्म घेतला अन् पाट उचलला. तवाच ह्यो गुंडाळून ठिवला. मंग पुन्हा घासायचा कशाला?"

रुपयाच्या कडेला तांबूस, आत जांभळा आणि राजाच्या चेहऱ्यावर गर्द निळा रंग होता. असा रंग सहादूनं चौदा वर्षांत पाहिला नव्हता.

"आई, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू साऱ्या जिल्ह्याला इचारत फिरलास. मला कवा इचारलंस?"

आपल्या घरात असं काय असणार, हे त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याची त्याला लाज वाटली. ती लपवायला म्हणून त्यानं खिशातलं भिंग काढलं आणि रुपया दिव्याखाली धरला.

निळ्या रंगाखाली रेषा होत्या. बारीक, राखेच्या, दोन नव्हे, शेकड्यानं. त्याच्याच नियमानं रुपया बाद. खंडेरावांना हे कळायला एक क्षण पुरला असता.

"काय रे, खोटा हाय का?" चांगुणाबाईनं घाबरून विचारलं.

सहादूनं रुपया हळूहळू फिरवत पुन्हा नीट पाहिलं. सगळ्या रेषा रंगाच्या खाली होत्या. रंगावरून गेलेली एकही नव्हती.

"खरा आहे, आई," तो म्हणाला. "अगदी खरा."

त्यानं दहाव्या खणातलं जुनं कार्ड फाडलं आणि नवं घेतलं. वर लिहिलं, 'राजाछाप रुपया, १९१७.' खाली 'दर्जा' या शब्दापुढं त्यानं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं :

'घासल्याच्या रेषा छप्पन सालापर्यंतच्या. रंग त्यानंतरचा.'