मेथीच्या खाली

गेल्या महिन्यात एटापल्लीच्या आठवडी बाजारात एक पुढारी बंगाली मासेवाल्या शेफाली मंडलकडे बोट दाखवून ओरडला, "या बाहेरच्यांना हाकला!" ऐकायला कोणी थांबलंही नाही. पण देवाजीभाऊ पानठेल्यावरून उठले, शेफालीला घेऊन भरबाजारातून पोलीस ठाण्यात गेले आणि साक्ष दिली. पुढाऱ्याला अटक झाली.

तो अजून तुरुंगातच आहे. त्याच्या सुटकेसाठी गावोगावी मोर्चे निघताहेत. आज बाजारात अर्ध्या लोकांच्या छातीवर त्याच्या फोटोचा बिल्ला होता. दुपार उलटली तरी शेफालीच्या टोपलीतला एकही मासा विकला गेला नव्हता.

शेवटी देवाजीभाऊ आले. इकडेतिकडे पाहत त्यांनी पिशवी पुढे केली.

"एक रोहू दे. वरून ही मेथी टाक. कोणाले दिसू नाई पाह्यजे."

शेफालीचे हात थांबले. "भाऊ, साक्ष द्याले तर तुमीच मले इथून सगळ्यांसमोर घेऊन गेले होते. मंग आज काऊन भेऊन राह्यले?"

देवाजीभाऊंनी मेथीची जुडी माशावर नीट दाबली.

"तवा तो एकटा होता, बाई."