बिननोंद सुटका

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीवर खुर्ची फेकल्याबद्दल प्रभाकर टेंभे कोर्टात आले होते, पण त्यांना घोर नव्हता. पहिलाच गुन्हा, आणि बिननोंद सुटका आयुष्यात एकदा प्रत्येकालाच मिळते. नोंद तर होत नाहीच, गुन्हेगाराच्या डोक्यातली आठवणसुद्धा पुसून टाकतात. माणूस पुन्हा ताठ मानेनं जगायला मोकळा.

खिडकीतल्या कारकून बाईंनी त्यांचा अंगठा घेतला आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं.

"काका, तुमची सुटका नऊ वर्षांपूर्वीच वापरून झालीय."

"शक्यच नाही. मी कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

"सगळे असंच म्हणतात," बाई जांभई देत म्हणाल्या.

"पण केलं काय होतं मी?"

"ते कुठंच उरत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची संमती लागते, तेवढी सही राहते. त्यांनाही त्याबद्दल तुमच्यापाशी बोलायची बंदी असते."

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. सही ओळखीची होती. शकुंतला माने, त्यांची थोरली बहीण.

नऊ वर्षं ताई भाऊबीजेला ओवाळायला आली नव्हती. बंगला बांधल्यापासून तिला शिंगं फुटलीत, असं टेंभे गावभर सांगत आले होते. दर दिवाळीला फोन करून तसा टोमणाही मारायचे. ती दर वेळी एवढंच म्हणायची, "गुडघे दुखतात रे, प्रवास झेपत नाही. तू फराळ केलास ना?"