हाय का?

अर्धापूरच्या केळीबागेतल्या पाण्याच्या मोटारीवर पंचशीलाने सेन्सरचा डबा बसवला होता. घरच्या लॅपटॉपशी त्याची जोडणी कायम उघडी असायची. निरोप आला की तिचा प्रोग्रॅम आपणहून जागा व्हायचा. मोटारीला वीज आहे का, हे लॅपटॉप विचारायचा, ‘हाय का?’ डबा कळवायचा, ‘हाय.’ दोन्ही शब्द वडिलांच्या बोलीतले. त्याच मोटारीचा शॉक लागून वडील गेले, तेव्हापासून आईने ताटाला हात लावला नव्हता. पंचशीलाने वायरी तोडून डबा घरी आणला. तरी आज भरदुपारी पडद्यावर उमटलं, ‘हाय.’ तिने जोडणी तोडायला बोट उचललं. “काय करून राहिलीस?” आईने विचारलं. “भूत पळवून राहिले, माय.” तेवढ्यात न विचारताच दुसरा निरोप आला. हे शब्द डब्याला शिकवलेच नव्हते. तिने अडखळत वाचून दाखवले, ‘तुझी माय जेवली का?’ आईने ताट जवळ ओढलं. घास गिळल्यावरच म्हणाली, “आता सांग त्यांना, हाव.”