रिकामा ठोका

"चांगुणाबाई, चौथा ठोका रिकामा होता, तिथं मी ढोल भरलाय. नाहीतर नाचणाऱ्यांचा पाय अडतो," म्हणत संगीत संयोजक अभिरामनं गाणं लावलं.

चांगुणाबाईंनी हेडफोन काढून ठेवला. लग्नाची हळद कुटताना पणजीपासून गायलेलं हे गाणं आता गावोगावच्या वरातीत वाजणार होतं. ते असं वाजू द्यायला त्या एवढ्या लांब आल्या नव्हत्या.

कुटण्याचा आवाज घ्यायला त्यांचं उखळ-मुसळ स्टुडिओत आणलेलंच होतं. त्यांनी मुसळ उचललं. "दर चौथ्या ठोक्याला उखळात हात घालून हळद खालीवर करा. मी कुटते तुमच्या ढोलावर."

अभिरामनं गाणं स्पीकरवर लावलं. एक, दोन, तीन. अभिरामचा हात आत गेला आणि ढोल दणकला. त्यानं दचकून बोटं मागं ओढली. मुसळ चांगुणाबाईंनी वरच धरलं होतं.

"मी थांबले. तुमचा ढोल थांबला का?" त्या म्हणाल्या. "आमच्या चार पिढ्यांची बोटं त्या रिकाम्या ठोक्यानं राखलीत."

अभिराम संगणकासमोर बसला आणि हळदीनं माखलेल्या, शाबूत बोटांनी त्यानं गाण्यातल्या चौथ्या ठोक्यावरचा ढोल काढून टाकला.