दुपारचा थेंब

तपासनिसाने आधी मिठाच्या बरण्या पाहिल्या. एक कपाटाच्या अलीकडे, एक पलीकडे. मग दोन शेगड्या, दोन साबण, कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या. तीन जिने चढून आल्यामुळे त्याला अजून धाप लागली होती, आणि लोकांचं मीठ बघत फिरायची ही कसली नोकरी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"हे कपाट मधे कधीपासून?"

"पाच वर्षं झाली," मुलगी म्हणाली. "आम्ही याला सरहद्द म्हणतो."

तो हसला नाही. विद्यापीठातली सरकारी खर्चाची जागा तिला मिळणार की नाही, ते आज त्याच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आईबाबांचा पगार एकत्र धरला तर घरचं उत्पन्न मर्यादेच्या जरासं वर जात होतं. दोघं विभक्त असतील तर एकट्या आईचाच पगार धरायचा, असा नियम होता. एका छपराखाली राहूनही माणसं विभक्त असू शकतात, हेही नियमाला मान्य होतं. फक्त चूल वेगळी हवी, धुणं वेगळं हवं, आणि एकमेकांचं दुखलंखुपलं कुणी बघता कामा नये. जागा मिळाली नाही तर पूर्ण फी भरून शिकायचं या घरात कुणी नावही काढलं नसतं.

लपवायचं काहीच नव्हतं. दुसरं घर परवडत नाही म्हणून दोघं इथे होती, नाहीतर केव्हाच दोन दिशांना गेली असती. पाच वर्षांत एकमेकांशी सरळ एक वाक्य बोलली नव्हती. जे काही असेल ते मुलीमार्फत. निरोप पोचवून पोचवून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. या सगळ्याचा निदान एवढा तरी उपयोग व्हावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

कपाटापलीकडे बाबा कॉटवर बसले होते. पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले. अलीकडे आई खुर्चीत होती. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, म्हणून ती रजेवर होती.

"जेवणाचं काय करता?" तपासनिसाने कपाटापलीकडे डोकावून विचारलं.

"माझं मी रांधतो," बाबा म्हणाले. "तिच्या ताटात काय असतं ते बघायला मी जात नाही."

"आजारपणात एकमेकांचं काही करता?"

"मागे मला ताप आला होता, तेव्हा ह्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही," आई म्हणाली. "लिहा तसं."

"मला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणावं तिला," बाबा मुलीला म्हणाले.

तपासनिसाने मुलीकडे पाहिलं. "नेहमी असंच?"

"नेहमी असंच, साहेब." हे सांगताना तिला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

"बरं. मला तरी अडचण दिसत नाही," तो म्हणाला आणि त्याने कागद पिशवीत टाकले. मुलीला इतकं हायसं वाटलं की तिने न मागताच त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला.

तेवढ्यात आईच्या खुर्चीशेजारी गजर वाजला. आईने सवयीने चष्मा काढला, मान मागे टाकली आणि ती छताकडे बघत राहिली. कपाटापलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला. बाबा हात पुसत अलीकडे आले. खिडकीतली औषधाची बाटली उचलून त्यांनी आईची खालची पापणी बोटाने हलकेच ओढली, एक थेंब टाकला, ओघळलेलं पाणी कापसाने टिपलं, बाटलीला टोपण लावलं आणि आल्या पावली परत गेले.

मुलगी बघतच राहिली. सकाळचा आणि रात्रीचा थेंब ती टाकायची. दिवसभर ती दुकानात कामाला असायची. मधले थेंब कोण टाकतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

तपासनिसाचा ग्लास हातातच राहिला होता. "हे रोज?"

पलीकडे कॉट करकरली. आपण काय केलं ते बाबांच्या आत्ता ध्यानात आलं असावं.

"बाई, तुम्हाला विचारतोय. रोज हे गृहस्थच औषध घालतात?"

"मी छताकडे बघत असते," आई म्हणाली. "कोण घालतं ते मला काय दिसणार?"

तो जवळच्या स्टुलावर बसला. पिशवीतून कागद काढायला त्याला बराच वेळ लागला.

"मला कळतंय गं," तो मुलीला म्हणाला. "पण पाहिलेलं पाहिलं नाही असं कसं लिहू? उद्या माझ्यावर शेकेल." त्याने एकच ओळ लिहिली, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेला.

मुलगी तशीच बसून राहिली. असं काहीतरी एकदा दिसावं म्हणून ती पाच वर्षं झुरली होती. दिसलं, ते आज. राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. तिच्याकडे निरोपसुद्धा कुणी दिला नाही.

संध्याकाळी गजर पुन्हा वाजला. आईने मान मागे टाकली. पलीकडे नळ सुटला, बंद झाला, पण कुणी आलं नाही. बाबा ओले हात तसेच धरून कपाटाशी उभे होते. आज मुलगी घरात होती आणि बाटली तिच्या हाताशी होती.

ती उठली आणि तिने बाटली नेऊन बाबांच्या हातात दिली.

"तुम्हीच टाका," ती म्हणाली. "माझा हात हलतोय."